सोबत कोण आहे?



मागच्या वैशाखातली गोष्ट. आमच्या एका गटाच्या मासिक बैठकीत एका ताईने ४,००० रुपयांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, तर जुनी पण चालू स्थितीतली सायकल घ्यायला. तालुक्याच्या गावी शिवणकामाचा तीन महिन्यांचा वर्ग सुरू होणार होता. गावापासून अंतर १४ किलोमीटर. वर्गाची वेळ सकाळी ८ ते १२. आपली एसटी सकाळी १० वाजता जाते आणि संध्याकाळी साडेपाचला परत येते. म्हणजे एसटीच्या भरवशावर तो वर्ग होणंच शक्य नव्हतं.

आता गटात कुणी शेळीसाठी कर्ज मागितलं की आम्ही विचारतो, शेळी केवढ्याला मिळते, गाभण आहे का, हप्ता कशातून फेडणार? पिठाच्या गिरणीला मागितलं की विजेचं बिल विचारतो. सायकलीच्या वेळी यातलं काहीच कुणी विचारलं नाही. पहिला प्रश्न आला, "एकटीच जाणार?" दुसरा आला, "एवढ्या उन्हात?" आणि तिसरा आला, "सोबत कोण आहे?"

ताई म्हणाली, "सोबत कुणी नाही."

मग थोडा वेळ कुणी बोललं नाही. सचिवांनी इतिवृत्तात लिहिलं, 'विषय पुढील बैठकीत घ्यावा.' आम्ही समन्वयक म्हणून तिथेच बसलो होतो. आम्ही काही बोललो नाही आणि खाली सहीही केली.

पुढे काय झालं ते शेवटी सांगणार आहोत. पण त्या बैठकीनंतर ते तीन प्रश्न आमच्या डोक्यातून जाईनात. मग आम्ही जरा वाचायला घेतलं, आणि लक्षात आलं की हे प्रश्न काही आपल्याच गावचे नाहीत. बाई पहिल्यांदा सायकलवर बसली तेव्हापासून, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ, ते तिला विचारले जात आहेत. आजचं बोलणं त्याच्याच इतिहासाचं आहे.

आधी सायकलीविषयी थोडं. जुन्या काळची एक सायकल तुम्ही चित्रात पाहिली असेल. पुढचं चाक माणसाच्या छातीएवढं उंच आणि मागचं एवढंसं. तिच्यावरून पडलं तर माणूस थेट तोंडावर आपटायचा. लांब झगा घातलेल्या बाईने तिच्यावर बसण्याचा प्रश्नच नव्हता. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावात जॉन स्टार्ली याने साधारण सारख्या उंचीच्या दोन चाकांची, मागच्या चाकाला चेन असलेली सायकल बाजारात आणली. आपण आज जी चालवतो तिची ती आजी. १८८७-८८ च्या सुमारास बेलफास्ट शहरातल्या डनलॉप नावाच्या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेला रबरी टायर केला. त्यामुळे दगडधोंड्यांचे धक्के कमी झाले. ही दोन कामं झाली आणि सायकल बाईच्या आवाक्यात आली.

आवाक्यात आली म्हणजे हातात आली असं नाही. त्या काळच्या काही डॉक्टरांनी लिहिलं की सायकल चालवून बाईचा चेहरा कायमचा ताणलेला आणि बिघडलेला राहतो. कपड्यांवरून तर केवढा गदारोळ झाला. झगा चेनमध्ये अडकून बायका पडायच्या. म्हणून काहींनी ढगळ विजार घालायला सुरुवात केली, तर पडण्यापेक्षा विजारीचीच चर्चा जास्त झाली.

आता पहिला प्रश्न घेऊ. "एकटीच जाणार?"

अमेरिकेत बोस्टन नावाचं मोठं शहर आहे. तिथे ॲनी कोप्चोव्स्की नावाची एक बाई राहत होती. ती लहानपणी लाटव्हिया देशातून आईवडिलांबरोबर तिकडे आलेली. वय चोविशीच्या आसपास. नवरा फेरीवाला. पदरात तीन लहान मुलं. ती वर्तमानपत्रांसाठी जाहिराती गोळा करायची. १८९४ च्या जूनअखेरीस, ऐन उन्हाळ्यात, या बाईने सायकल घेतली आणि पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्याचं जाहीर केलं. निघण्याच्या काही दिवस आधीपर्यंत तिला सायकल चालवता येत नव्हती, हे विशेष.

तिच्याजवळ पैसे नव्हते. एका झऱ्याचं पाणी विकणाऱ्या कंपनीने तिला १०० डॉलर दिले. अट अशी, की सायकलीला कंपनीची पाटी लावायची आणि स्वतःचं नावही कंपनीचं लावायचं. म्हणून इतिहासात तिचं नाव ॲनी लंडनडेरी असं राहिलं. आपण घराच्या भिंतीवर जाहिरात रंगवू देतो आणि चार पैसे घेतो, तसंच हे. पुढे तिने कपड्यांवरही जाहिराती लावल्या. तिच्या प्रवासाचा खर्च असा निघाला.

तिची पहिली सायकल ४२ पौंडांची, म्हणजे १९ किलोची होती. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीएवढं वजन म्हणा ना. अंगात लांब झगा. कच्चे रस्ते. उन्हाळ्याचे दिवस. बोस्टनहून न्यूयॉर्कमार्गे शिकागो गाठायला तिला सप्टेंबर उजाडला. तोवर तिचं वजन उतरलं होतं. हे असं जमायचं नाही हे तिच्या लक्षात आलं. बाईने हार मानली नाही, फक्त सामान बदललं. शिकागोत तिने निम्म्या वजनाची पुरुषी सायकल घेतली आणि झग्याऐवजी विजार घातली. मग परत न्यूयॉर्कला येऊन जहाजाने फ्रान्सला गेली.

तिने अख्खी पृथ्वी पायडल मारून पार केली असं समजू नका. बराच प्रवास जहाजाने केला, काही रेल्वेने. तिच्या थापांचीही कमी नव्हती. आपण हिंदुस्थानात वाघांची शिकार केली, असं ती भाषणांत सांगायची. खरं तर तिची बोट कोलंबोहून सिंगापूरकडे गेली. पण परत अमेरिकेत उतरल्यावर सॅन फ्रान्सिस्कोपासून शिकागोकडे येताना तिने वाळवंटी मुलूख पाहिला, आणि आयोवा राज्यात डुकरांच्या कळपाला धडकून मनगट मोडून घेतलं. ते प्लास्टर घेऊनच ती सप्टेंबर १८९५ मध्ये शिकागोला पोचली.

आपल्याला तिच्या थापांपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ती एकटी गेली असं सगळे लिहितात. पण तिची तीन मुलं कुठे होती? बोस्टनला, बापाजवळ. म्हणजे रस्त्यावर ती एकटी होती, पण तिच्या मागे घर धरून ठेवणारं कुणीतरी होतं. मुलं टाकून गेली म्हणून तिला तेव्हाही नावं ठेवली गेली आणि आजही ठेवतात. त्याच काळात जगभर हिंडलेल्या कितीतरी पुरुषांना कुणी विचारलं नाही, "मुलं कुणाजवळ ठेवली?" आमच्या बैठकीतही 'एकटीच?' या प्रश्नाच्या पोटात तो दुसरा प्रश्न होताच. स्वयंपाक कोण करणार, मुलगी शाळेतून आली की दार कोण उघडणार? आम्ही तो सरळ विचारला असता तर त्याला उत्तर सापडलं असतं. तो आम्ही 'एकटी' या शब्दाखाली झाकून टाकला.

दुसरा प्रश्न. "एवढ्या उन्हात?"

आयर्लंडमध्ये लिस्मोर नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९३१ साली डर्व्हला मर्फी जन्मली. दहाव्या वाढदिवसाला आईवडिलांनी तिला जुनी सायकल दिली आणि आजोबांनी नकाशांचं पुस्तक. थोड्याच दिवसांनी गावाजवळच्या चढावर सायकल चालवताना तिने आपल्या पायांकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, हे पाय असेच फिरत राहिले तर आपण हिंदुस्थानापर्यंत पोचू. दहा वर्षांच्या पोरीच्या मनातली ही गोष्ट.

पण तिच्या आईला सांधेवाताचं भयंकर दुखणं होतं. आईला हलताही येत नव्हतं. चौदाव्या वर्षी डर्व्हलाची शाळा सुटली आणि ती घरी बसली. आईला उठवणं, बसवणं, भरवणं. मैत्रिणींनो, ही गोष्ट आयर्लंडची आहे, पण आपल्या प्रत्येक वाडीत अशी एक मुलगी आहे. अधूनमधून थोडे दिवस सुटका मिळाली की ती सायकल घेऊन हिंडून यायची आणि परत आईच्या खाटेजवळ. १९६१ मध्ये वडील गेले, १९६२ मध्ये आई गेली. आणि १९६३ च्या जानेवारीत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, ती एकटी सायकल घेऊन हिंदुस्थानाकडे निघाली. दहाव्या वर्षी ठरवलेलं काम तिने एकवीस वर्षं मनात जपून ठेवलं होतं.

निघाली तेव्हा युरोपात कडाक्याची थंडी होती. इटली, युगोस्लाव्हिया, बल्गेरिया, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान असं करत ती पाकिस्तानात आली तेव्हा उन्हाळा आला होता. जूनमध्ये ती सिंधू नदीच्या डोंगराळ खोऱ्यात होती. वर नंगा पर्वताचा बर्फ आणि खाली उघडे खडक. त्या खोऱ्यात चिलास नावाचं गाव आहे. तिथे उन्हाळ्यात खडक तापून भट्टी होते, आणि वाटेवर झाड शोधून सापडत नाही. या प्रवासात तिला उन्हाचा तडाखाही बसला. मग पंजाबचा मैदानी मुलूख पार करून जुलैमध्ये ती दिल्लीला पोचली. तिने स्वतःच्या संरक्षणासाठी पिस्तूल घेतलं होतं. पण तिला वाटेत तारलं ते मुख्यतः खेड्यापाड्यांतल्या लोकांनी दिलेल्या चहाने, पाण्याने आणि अंथरुणाने, असं तिचं लिहिणं वाचून वाटतं. पुढे १९७३ मध्ये ती पाचेक वर्षांच्या लेकीला घेऊन मुंबईत उतरली आणि गोव्यावरून दक्षिणेत कुर्गपर्यंत गेली. त्या मुलीला तिने एकटीने वाढवलं. २०२२ साली वयाच्या नव्वदाव्या वर्षी डर्व्हला गेली.

आता उन्हाचं खरं-खोटं बघू. ऊन धोक्याचं आहे, यात शंका नाही. सायकलवरचं ऊन तर फसवं असतं. सायकल चालत असते तेव्हा अंगाला वारा लागतो. घाम आला तरी लगेच वाळतो, त्यामुळे किती घाम गेला ते कळतच नाही. बाई म्हणते, मला काही होत नाही. आणि चढावर खाली उतरून सायकल हाताने ढकलायला लागली, वारा थांबला, की मग डोळ्यांपुढे अंधारी येते. घामाबरोबर अंगातलं पाणी जातं तसं मीठही जातं. म्हणून नुसतं पाणी ढोसून भागत नाही. एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे माप पाठ करून ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं, चक्कर, यातलं काहीही झालं की सावलीत बसायचं, कपडे सैल करायचे, घोटघोट पाणी प्यायचं. अंग तापलं, बाई बरळायला लागली किंवा शुद्ध हरपली तर मात्र तोंडात पाणी ओतायचं नाही. अंग ओल्या कापडाने पुसत राहायचं, वारा घालायचा आणि लगेच १०८ ला फोन करायचा.

एवढं सांगूनही एक गोष्ट राहते. १९७२ च्या दुष्काळात आपल्या महाराष्ट्रात लाखो माणसं रस्त्यांच्या आणि तलावांच्या कामांवर गेली. त्याच सुमारास रोजगार हमी योजना उभी राहिली आणि पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्या कामांवर बायका मोठ्या संख्येने होत्या. तुमच्या घरातल्या आजीला विचारा. वैशाखात, चटके बसणाऱ्या दगडावर बसून, मूल शेजारी झोळीत टाकून त्यांनी खडी फोडली. त्यांना कुणी विचारलं का, "एवढ्या उन्हात?" आजही कांदा काढायला आणि खुरपायला आपण भर दुपारी शेतात असतो. तेव्हा ऊन आडवं येत नाही. बाई स्वतःच्या शिकण्यासाठी निघाली की मग ऊन आठवतं. म्हणजे उन्हाची काळजी खरी आहे, पण ती आपण कधी करतो तेही बघायला हवं.

तिसरा प्रश्न. "सोबत कोण आहे?"

याचं सगळ्यात चांगलं उत्तर आम्हाला तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात सापडलं. तिरुचिरापल्लीच्या दक्षिणेला हा कोरडा, गरीब जिल्हा. शेतमजुरी आणि दगडखाणी हे बायकांचं काम. १९९१ मध्ये तिथे साक्षरतेची मोठी मोहीम सुरू झाली. तिचं नाव अरिवोळी इयक्कम, म्हणजे ज्ञानाच्या उजेडाची चळवळ. जिल्हाधिकारी होत्या शीला राणी चुंकत. शिकवायला जाणाऱ्या कार्यकर्त्यांत बायका पुष्कळ. त्यांनी एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं कसं? एसटीसारख्या गाड्या थोड्या, आणि थांब्यापर्यंत सोडायलाही नवरा, भाऊ किंवा बाप लागायचा. म्हणून मोहिमेत अक्षरांबरोबर सायकलही शिकवायचं ठरलं. नुसती कार्यकर्त्यांना नाही, शिकायला येणाऱ्या बायकांनाही. खाणीत दगड फोडणाऱ्या बायका हँडल धरायला शिकल्या. सायकल घेण्यासाठी बायकांना बँकेतून कर्ज मिळवून दिलं. याच काळात त्या जिल्ह्यात काही दगडखाणी बायकांच्या गटांना चालवायला दिल्या गेल्या. आपल्या आजच्या बचत गटांच्या आधीचे ते गट.

पत्रकार पी. साईनाथ यांनी नव्वदच्या दशकात तिथे जाऊन या गोष्टीवर लिहिलं. त्यांच्या लिहिण्यात असं येतं, की १९९२ च्या महिला दिनाला हँडलला झेंडे लावून, घंट्या वाजवत दीड हजारांवर बायका पुदुकोट्टईच्या रस्त्यांवर उतरल्या. आणि जिल्ह्यातल्या सायकल स्पर्धा आणि मेळाव्यांत मिळून ७०,००० हून जास्त बायकांनी लोकांसमोर सायकल चालवून दाखवली. दुकानातल्या लेडीज सायकली संपल्या तर बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. नंतर पुष्कळजणी मुद्दाम जेन्ट्सच मागू लागल्या. कारण काय, तर पुढच्या दांडीवर पोराला बसवता येतं आणि मागे कॅरिअरवर पाण्याचे हंडे बांधता येतात. अशी हिशेबी बाई आपल्याला लगेच ओळखीची वाटते, नाही का?

टवाळी झाली, घाणेरडं बोलणारेही निघाले. पण रस्त्यावर एक बाई सायकलवर दिसली तर तिला लोक थांबवून विचारतात, सोबत कोण आहे? शंभर बाया रोज त्याच रस्त्याने जात असल्या तर कुणाकुणाला विचारणार? मग त्यातली एखादी पुढे मागे एकटीच निघाली तरी कुणी वळून बघत नाही. पाणी आणायला, रानातला माल बाजारात न्यायला, दवाखान्यात जायला ती कुणाचं तोंड न बघता निघते. गाडीची वाट बघण्यात जाणारे तास वाचतात. बाईला एकटीने जाता यावं यासाठी आधी पुष्कळजणींनी मिळून निघावं लागतं, हे आम्ही पुदुकोट्टईच्या बायकांकडून शिकलो. आणि आपला गट असतो तो आणखी कशासाठी?

तुम्ही म्हणाल, आता मुलींना सायकली मिळतात की. मिळतात, आणि ते चांगलंच झालं. बिहारमध्ये २००६ पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये मिळू लागले, आणि हायस्कूल लांब असलेल्या गावांतल्या मुलींना त्याचा जास्त उपयोग झाला. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली दिल्या जातात. पण त्या मुलीचं पुढे काय होतं ते आपण रोज बघतो. शाळा संपते, लग्न होतं, सायकल माहेरी धाकट्या भावाकडे राहते. सासरी गेलेली मुलगी, जिला पाच वर्षं सायकल चालवायची सवय होती, ती पुन्हा रस्त्याच्या कडेला उभी राहून वडापची वाट बघते. सरकारने मुलीला सायकल दिली. सुनेला कुणी द्यायची?

आता आमच्या ताईचं सांगतो.

कर्जाचा विषय पुढच्या बैठकीवर गेला, पण शिवणाचा वर्ग काही आमच्या बैठकीसाठी थांबला नाही. ताईने पुतण्याची सायकल मागून घेतली. मागचा ब्रेक लागत नव्हता. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर पुन्हा तेच प्रश्न. सकाळी साडेसहाला निघून ती वेळेवर पोचली. वर्ग १२ वाजता सुटला. पाण्याची बाटली तिथेच संपली होती आणि घरी मुलगी वाट बघत असेल म्हणून ती भर उन्हात निघाली. नऊ-दहा किलोमीटर ठीक आली. कालव्याच्या मोरीजवळ चढ लागला. खाली उतरून सायकल ढकलायला लागली आणि तिचे पाय लटपटले. चिंचेखाली ती कशीबशी बसली. सायकल रस्त्यातच आडवी पडली होती.

जवळच्या वस्तीवरच्या एका आजीने ती सायकल पाहिली. आजी तांब्या घेऊन आली. तिने आधी ताईच्या तोंडावर पाणी मारलं, पदराने वारा घातला, मग साखरमिठाचं पाणी थोडं थोडं पाजलं. ताई बोलायला लागल्यावर आजीने विचारलं, "सोबत कोण आहे गं?"

हे सगळं ताईने स्वतः पुढच्या बैठकीत सांगितलं. रडली नाही, कुणाला बोल लावला नाही. फक्त म्हणाली, "तुम्ही नाही म्हटलं असतं तरी मी जाणारच होते. हो म्हटलं असतं तर नीट गेले असते."

मैत्रिणींनो, तिचं हे वाक्य आम्हाला लागलं. आमच्या गप्प बसण्याने तिचं जाणं थांबलं नव्हतं. थांबली होती ती तिची तयारी. चांगला ब्रेक, पाण्याची दुसरी बाटली, मुलीला दुपारी घरात घेणारी शेजारीण, उन्हं कलेपर्यंत थांबायला तालुक्यात एखादं ओळखीचं घर, हे सगळं आम्ही देऊ शकलो असतो. आम्ही फक्त काळजी केली. आणि 'सोबत कोण' हा प्रश्न आजीनेही विचारला आणि आम्हीही विचारला. पण आजीने आधी पाणी दिलं.

त्या दिवशी कर्ज मंजूर झालं. ४,००० रुपये, दहा हप्ते. नोंदवहीत कर्जाचं कारण लिहायची वेळ आली तेव्हा सचिवांनी विचारलं, "हे घरगुती लिहायचं की उत्पादक?" सगळ्याजणी म्हणाल्या, "उत्पादक लिहा." गटातल्या एकीची बहीण तालुक्यात राहते. तिच्याकडे दुपारी ४ पर्यंत थांबायची सोय झाली. १४ किलोमीटरच्या वाटेवर पाणी कुठे मिळेल याची तीन घरं ठरवली. त्यातलं एक त्या आजीचं. ताईची मुलगी शाळा सुटल्यावर अध्यक्षांच्या घरी जेवू लागली.

वर्ग संपून आता बरेच महिने झाले. ताई यंदा शाळेचे गणवेश शिवते आहे. तिचे हप्ते एकही न चुकता आले. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर बाकीच्या बायका तिच्या सायकलवर शिकायला लागल्या. नऊजणींना आता चांगली येते. ५२ वर्षांच्या एक काकू दोनदा निवडुंगात पडल्या, पण त्यांनी सोडलं नाही. पंक्चर काढता येणारी मात्र अजून एकच आहे, त्याची व्यवस्था करायची आहे.

तुमच्या गटात उद्या कुणी सायकलीसाठी कर्ज मागेल. तेव्हा तिला शेळीच्या कर्जाला विचारता तेच प्रश्न विचारा. सायकल केवढ्याला, ब्रेक बघितला का, हप्ता कसा देणार? मग बैठक संपायच्या आधी एवढं ठरवा, की तिच्या वाटेवर पाणी कोण देणार, दुपारी तिने कुठे थांबायचं आणि तिचं मूल कुणाकडे जेवणार? सोबत कोण आहे हा प्रश्न आपण तिला विचारायचा नाही. त्याचं उत्तर आपण द्यायचं आहे.